विश्लेषण : समुपदेशनाच्या खोलीत घरच्यांनीही बसावे का?

मानसोपचार म्हणजे बंद दाराआड दोघांत होणारे बोलणे, अशी सर्वसाधारण समजूत. प्रत्यक्षात आपल्याकडील कोणत्याही समुपदेशन केंद्राबाहेरच्या बाकावर नजर टाकली तर एकटा आलेला माणूस विरळाच. कोणाबरोबर आई असते, कोणाबरोबर नवरा, कोणाबरोबर गावाहून आलेला मोठा भाऊ. नाव पुकारले की यातील किती जणांनी आत जायचे, हा प्रश्न रोज उभा राहतो आणि बऱ्याचदा जो आधी उठेल त्याच्याकडून त्याचे उत्तर ठरते. काही आजारांत घरच्यांचा सहभाग हा उपचाराचाच भाग आहे. काही प्रसंगी तोच सहभाग उपचार उधळून लावतो. हा फरक कशावरून ठरतो, कायदा काय सांगतो आणि असे सत्र कसे चालते, याविषयी…

एकट्याशीच बोलायचे, हा दंडक आला कुठून?

त्याचे मूळ सिग्मंड फ्रॉइड यांच्यापर्यंत जाते. १९१५ ते १९१७ या काळात व्हिएन्नात दिलेल्या व्याख्यानांत फ्रॉइड यांनी रुग्णाच्या नातेवाइकांविषयी चांगलीच नाराजी व्यक्त केली होती. शस्त्रक्रिया सुरू असताना सगळे कुटुंब टेबलाभोवती जमून प्रत्येक छेदागणिक ओरडू लागले तर किती शस्त्रक्रिया यशस्वी होतील, अशा अर्थाचा प्रश्न त्यांनी श्रोत्यांना केला होता. गंमत अशी, की घोड्यांची भीती वाटणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाचे जे प्रकरण त्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात उपचार जवळपास पूर्णपणे त्या मुलाच्या वडिलांमार्फत झाले होते. फ्रॉइड स्वतः त्या काळात मुलाला एकदाच भेटले.

पुढे लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी स्किझोफ्रेनियाला कारणीभूत ठरणाऱ्या आईची कल्पना मांडली. १९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन आणि सहकाऱ्यांनी ‘डबल बाइंड’चा सिद्धान्त मांडला. शब्दांनी ‘जवळ ये’ आणि वागण्याने ‘दूर हो’ असे सांगणारे घर मुलाला आजाराकडे ढकलते, असा त्याचा ढोबळ अर्थ. या दोन्ही मांडण्या पुराव्यावर टिकल्या नाहीत. पण अख्ख्या कुटुंबाला एका खोलीत बसवून काम करण्याची पद्धत याच काळात रुजली. साल्वादोर मिनुचिन यांच्यासारखे उपचारक तर घरातील माणसे खोलीत कोणाशेजारी बसतात हे पाहत आणि चालू सत्रात त्यांच्या जागा बदलायला लावत. आई आणि मुलाच्या मध्ये वडिलांची खुर्ची सरकवली की घरातील बरेच काही बोलके होते.

त्या काळाने मागे ठेवलेली एक गोष्ट मात्र अजून पुरती पुसली गेलेली नाही. समुपदेशकाने बोलावले म्हणजे आता आपलीच चूक काढणार, ही घरच्यांची धास्ती. आईवडील पहिल्याच सत्रात ‘आम्ही हिला काही कमी केले नाही’ असे न विचारता सांगू लागतात, त्यामागे हीच धास्ती असते.

भारतात घरचे आधीपासूनच आत होते, हे खरे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तेथे राहायला बोलावले. संध्याकाळी रुग्ण आणि नातेवाईक एकत्र बसत, डॉक्टर त्यांच्याशी बोलत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे मानसिक आरोग्य केंद्र १९५७ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून रुग्णाबरोबर घरातील एकाने राहायचे ही तेथील रीत. बेंगळूरुच्या निम्हान्समध्येही कुटुंबासह उपचारांची स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली. पाश्चात्त्य देशांत रुग्णाला घरापासून तोडून मोठ्या रुग्णालयांत ठेवले जात असताना हे सुरू होते.

यामागे केवळ थोर विचार होता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परिचारिका आणि कर्मचारी अपुरे होते, खाटा भरून वाहत होत्या, रुग्णाला भरवायला आणि आंघोळ घालायला माणूस हवा होता. पण त्यातून लक्षात आले ते महत्त्वाचे होते. आजार म्हणजे काय हे जवळून पाहिलेले नातेवाईक रुग्णाला घरी न्यायला तयार होत होते.

मात्र रुग्णालयातील सोबत आणि समुपदेशनातील सहभाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तापाच्या रुग्णाजवळ बसलेली आई उपचारात अडथळा आणत नाही. नैराश्यात असलेल्या २३ वर्षांच्या मुलीला ‘झोप कशी लागते?’ असे विचारल्यावर ‘झोप चांगली लागते, मोबाइल बघत जागते इतकेच’ असे उत्तर शेजारच्या खुर्चीवरून आले, तर त्या सत्रात मुलगी पुन्हा तोंड उघडेलच असे नाही.

घरातील बोलण्याचा आजारावर परिणाम होतो, याला पुरावा काय?

हा पुरावा एका अनपेक्षित निरीक्षणातून मिळाला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जॉर्ज ब्राऊन आणि त्यांचे सहकारी लंडनच्या रुग्णालयांतून दीर्घ मुक्कामानंतर घरी सोडलेल्या पुरुष रुग्णांचा मागोवा घेत होते. आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्यांची प्रकृती चांगली राहील, असा कोणाचाही अंदाज असता. झाले उलटे. भाड्याच्या खोलीत किंवा भावाबहिणींकडे राहायला गेलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यातच आजार अधिक प्रमाणात उलटला.

असे का, याचा शोध पुढची काही वर्षे चालला. घरच्यांच्या लांबलचक मुलाखती घेऊन त्यात रुग्णाविषयीची टीका, वैरभाव आणि अति गुंतणूक मोजली गेली. १९७२ आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, ज्या घरांत हे प्रमाण जास्त तेथे आजार उलटण्याची शक्यताही जास्त, असे दिसले. अशा घरात नातेवाईक आणि रुग्ण आठवड्याला ३५ तासांपेक्षा अधिक काळ समोरासमोर असतील तर धोका आणखी वाढत होता. ३५ तास म्हणजे दिवसाला पाच. लंडनच्या घरात स्वतःची खोली असलेल्या रुग्णाला ते टाळता येत असतील. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत दुपारच्या जेवणापर्यंतच पाच तास भरतात.

म्हणून पुढचा अभ्यास आपल्यासाठी महत्त्वाचा. चंदीगडमध्ये डॉ. एन. एन. विग आणि लंडनच्या संशोधकांनी मिळून हीच मोजणी केली, तिचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. चंदीगड आणि आसपासच्या घरांत टीका आणि अति गुंतणूक लंडनच्या तुलनेत बरीच कमी आढळली. पण जेथे वैरभाव होता तेथे आजार उलटण्याशी त्याचा संबंध येथेही दिसला. म्हणजे एकत्र राहण्याने आपोआप अपाय होत नाही. ‘हा मुद्दाम करतो’, ‘हिला काम नको आहे’ अशी घरच्यांची धारणा झाली की अपाय सुरू होतो. आणि ही धारणा आजाराच्या माहितीने बदलता येते.

यातूनच स्किझोफ्रेनियासाठी कुटुंबासह उपचारांची पद्धत आकाराला आली. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्ण कुटुंबासोबत राहत असेल तर तीन महिने ते एक वर्षाच्या कालावधीत किमान १० सत्रे कुटुंबासह व्हावीत आणि शक्य असेल तर रुग्णानेही त्यात बसावे. महाराष्ट्रात हे काम औपचारिक उपचारांइतकेच स्वमदत गटांनी केले आहे. डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात उभी राहिलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन हे त्यातील ठळक नाव. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या २००४ मधील चित्रपटामागेही वाणी यांचा हातभार होता. त्यात आजारी भाऊ जितका मध्यवर्ती आहे, तितकीच त्याला समजून घेताना दमछाक होणारी बहीणही.

प्रत्येक आजारात घरच्यांचे काम सारखेच असते का?

नाही, आणि गफलत नेमकी येथेच होते. ‘घरच्यांना घेऊन या’ असे मोघम सांगितले की चार माणसे येतात आणि कशासाठी आलो हे कोणालाच ठाऊक नसते. मंत्रचळ म्हणजे ओसीडीचे उदाहरण घेतले तर कामाचे स्वरूप स्पष्ट होते.

दाराला कडी लावली की नाही, गॅसचे बटण बंद आहे की नाही, हात स्वच्छ झाले की नाही, ही शंका या आजारात काही केल्या मिटत नाही. रात्री ११ वाजता मुलगा आईला विचारतो, ‘कडी लावली ना?’ आई म्हणते, ‘हो रे, लावली.’ त्याला बरे वाटते, दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. सहा महिन्यांनी आई रोज रात्री उठून, कडी हलवून, मोबाइलवर फोटो काढून दाखवत असते. धुण्याचा चळ असेल तर बाहेरून आलेल्या वडिलांना दारातच कपडे बदलावे लागतात, स्टीलची भांडी तीनदा घासली जातात, सकाळी १० वाजता टाकीतले पाणी संपते. ज्या घरात सोवळेओवळे आधीच कडक असते तेथे यातले आजार कोणते आणि रीत कोणती हे ओळखायलाच वर्षे जातात. घरातला प्रत्येक जण प्रेमापोटी, कधी वैतागून, कधी रात्रीची झोप मिळावी म्हणून आजाराच्या नियमांप्रमाणे वागू लागतो.

प्रत्येक ‘हो रे, लावली’ने मुलाला घटकाभर सुटका मिळते आणि पुढच्या वेळी ती सुटका मिळाल्याशिवाय त्याला राहवत नाही. समुपदेशक खोलीत त्या मुलाला शंका सोसायला शिकवत असतो आणि घरी आई, नकळत, तेच शिकणे रोज रात्री पुसून टाकत असते. म्हणून येथे आईला बोलवावेच लागते. तिला दोष देण्यासाठी नाही. तिने अचानक उत्तर देणे बंद केले तर घरात रणकंदन होईल, हेही समुपदेशकाला माहीत असते. तिघे बसून पायऱ्या ठरवतात. या आठवड्यात एकदाच उत्तर द्यायचे. पुढच्या आठवड्यात उत्तराऐवजी ‘तुला आता शंका छळते आहे, हे दिसते आहे मला’ एवढेच म्हणायचे. हे वाक्य मुलाने स्वतः निवडलेले असेल तर ते टिकते. आईने परस्पर ठरवलेले असेल तर ती दुष्टपणा करते आहे, असेच त्याला वाटते.

लहान मुलांच्या चिंताविकारात तर याच तत्त्वावर मुलाला न भेटता केवळ पालकांसोबत काम करण्याची पद्धत येल विद्यापीठात विकसित झाली असून, तिचे परिणाम मुलासोबत केलेल्या उपचारांच्या तोडीचे असल्याचे तेथील चाचणीत दिसले. किशोरवयीन मुलींमध्ये अधिक आढळणाऱ्या ॲनोरेक्सियात, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे जवळपास सोडण्याच्या आजारात, लंडनच्या मॉडस्ले रुग्णालयात पुढे आलेली पद्धत जेवणाची जबाबदारी काही काळ पूर्णपणे आईवडिलांकडे सोपवते.

व्यसनात चित्र आणखी वेगळे. येथे बऱ्याचदा पिणारा माणूस उपचाराला येतच नाही, येते त्याची पत्नी. साहेबांना फोन करून ‘यांना ताप आहे’ असे सांगणे, उधारी फेडणे, नातेवाइकांत झाकपाक करणे ही कामे ती वर्षानुवर्षे करत असते. अमेरिकेत १९५१ मध्ये सुरू झालेल्या अल-अनॉन गटांनी व्यसनी माणसाच्या घरच्यांना त्यांचे स्वतःचे व्यासपीठ दिले. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे. या बैठकांत तिच्या नवऱ्याच्या दारूबरोबरच तिची झोप, तिचा पगार, तिची भीती हे विषय असतात. घरच्यांना बोलावणे म्हणजे त्यांना रुग्णाचे मदतनीस करणे, एवढाच अर्थ त्यामुळे पुरत नाही.

आणि आत्महत्येचा धोका असेल तर घरातील एकाला तरी विश्वासात घेणे जवळपास अपरिहार्य होते. सुरक्षेची योजना लिहिताना संकटाच्या क्षणी कोणाला हाक मारायची, त्याचे नाव आणि क्रमांक कागदावर येतो. शेतातील औषधे किंवा गोळ्यांचा साठा घरातून हलवायचा तर ते काम दुसऱ्याच कोणाला तरी करावे लागते. येथेही त्या माणसाची निवड उपचार घेणाऱ्याने केलेली बरी. केंद्र सरकारची १४४१६ ही ‘टेलि-मानस’ मदतवाहिनी काळजीत असलेल्या नातेवाइकांसाठीही खुली आहे.

कोणाला बोलावू नये?

ज्याची भीती वाटते त्याला. हे साधे वाटते, पण पहिल्या भेटीत ते दिसत नाही. पती-पत्नी एकत्र आले, पत्नी हसतमुख आहे, ‘तसे काही नाही, थोडे वाद होतात’ म्हणते. घरात मारहाण होत असेल तर ती नवऱ्यासमोर सांगणार नाही आणि सांगितलीच तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजेल. म्हणून जोडप्यांसोबत काम करणारे अनेक जण सुरुवातीलाच दोघांना एकेकदा वेगळे भेटतात. हिंसा सुरू आहे असे कळले तर संयुक्त सत्र थांबवून आधी तिच्या सुरक्षेचे पाहिले जाते.

दुसरा धोका न्यायालयाच्या वाटेने येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये, सोबत राहणे अशक्य व्हावे इतक्या गंभीर मनोविकाराचा समावेश घटस्फोटाच्या कारणांत आहे. संबंध तुटण्याच्या बेतात असताना सासरच्यांना सत्रात बोलावले तर आज सहानुभूतीने ऐकलेले वाक्य उद्या अर्जात उतरू शकते. ‘तिला सगळे सांगा, म्हणजे तेही समजून घेतील’ हा सल्ला देणाऱ्याने ही शक्यता मोजलेली असतेच असे नाही.

तिसरा प्रसंग असा, की घरच्यांनी ठरवलेला आजार हा आजारच नसतो. मुलगा समलिंगी आहे म्हणून, मुलगी परजातीत लग्न करू पाहते म्हणून तिला ‘समजावण्यासाठी’ आणले जाते. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ३ सांगते, की कुटुंबाच्या किंवा समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक वा धार्मिक मूल्यांशी न जुळणे हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार असू शकत नाही. लैंगिक कल ‘बदलण्याच्या’ उपचारांवर मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये बंदी घालण्याचे निर्देश दिले. त्या प्रकरणात दोन तरुणी आपल्या आईवडिलांपासून संरक्षण मागत होत्या. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी त्या दोघींना आणि त्यांच्या पालकांना समुपदेशनासाठी पाठवले. शिवाय हा विषय आपल्यालाच नीट समजलेला नाही असे नमूद करून ते स्वतःही मानसशास्त्रज्ञासमोर जाऊन बसले.

घरच्यांना किती सांगायचे, हे कोण ठरवते?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आजाराविषयी आणि उपचारांविषयी गोपनीयतेचा हक्क आहे. अपवाद मोजके. तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला त्याचे काम करण्यापुरती माहिती देता येते, उपचार करणाऱ्या इतर तज्ज्ञांना देता येते, जिवाला धोका असेल किंवा दुसऱ्या कोणाला इजा होण्याची शक्यता असेल तर ती टाळण्यापुरती देता येते, तसेच सक्षम मंडळ वा न्यायालयाचा आदेश असेल किंवा सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असेल तर देता येते. ‘मी तिचा वडील आहे’ किंवा ‘फी मी भरतो’ हे त्या यादीत नाही.

कायद्यातील मानसिक आजाराची व्याख्या गंभीर बिघाडाची आहे. नोकरीतील ताण, ब्रेकअप, परीक्षेची भीती यांसाठी खासगी समुपदेशकाकडे जाणारे अनेक जण तिच्या बाहेर राहतात. तेथे गोपनीयता व्यावसायिक नीतीवर आणि पहिल्या सत्रात काय ठरले यावर अवलंबून असते. म्हणून ते बोलणे पहिल्याच सत्रात, शक्यतो लेखी, झालेले बरे.

१८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते. तरीही १५ वर्षांच्या मुलाने सांगितलेला शब्दन् शब्द दारात उभ्या आईला मिळणार असेल तर मुलगा हवामानावर बोलत राहील. अनुभवी समुपदेशक आईवडील आणि मुलगा यांच्यासमोरच सीमारेषा आखतात. जिवाला धोका असेल ते सांगितले जाईल, बाकी मुलाला विचारून. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर मात्र पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि याबाबत गुप्ततेचे वचन कोणीच देऊ शकत नाही.

असे सत्र प्रत्यक्षात चालते कसे?

चांगल्या संयुक्त सत्राचे निम्मे काम त्याच्या आधीच्या सत्रात होते. कोणाला बोलवायचे, कशासाठी, कोणता विषय काढायचा आणि कोणता अजिबात नाही, हे उपचार घेणारी व्यक्ती आणि समुपदेशक दोघेच ठरवतात. ‘आईला माझ्या गोळ्यांबद्दल कळले तर चालेल, पण ऑफिसमधल्या त्या प्रकाराबद्दल नको’ इतके स्पष्ट. सत्रात ते कोण सांगणार, हेही. पुष्कळदा उत्तर असते, ‘सुरुवात तुम्ही करा, मग मी बोलेन’.

मग भाषेचा प्रश्न येतो, त्याचा विचार सहसा कोणी केलेला नसतो. पुण्या-मुंबईतील तरुण मुले समुपदेशकाशी इंग्रजीमिश्रित भाषेत बोलतात. ‘बाउंड्रीज’, ‘ट्रिगर’, ‘टॉक्सिक’ हे शब्द त्या खोलीत सहज येतात. आई समोर बसली की ते कोरडे पडतात. ‘बाउंड्रीज’ ऐकून आईला वाटते, मुलगी नाते तोडायचे म्हणते आहे. तेच ‘आई, मी जेवायला बसले की लग्नाचा विषय काढू नकोस, मला घास गिळवत नाही’ असे म्हटले की ते तिला कळते. उलट दिशेनेही हे होते. ‘आमचा जीव टांगणीला लागतो गं’ यातली भीती मुलीला केवळ टोमणा म्हणून ऐकू येत असते. ४५ मिनिटांच्या सत्रात अशी दोन वाक्ये एकमेकांपर्यंत पोचली तरी सत्र कारणी लागले असे समजायला हरकत नाही. मुलगी बेंगळूरुत आणि आईवडील साताऱ्यात असतील तर हे व्हिडीओ कॉलवरही होते. पण तेथे कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर आणखी कोण बसले आहे, हे आधी विचारावे लागते.

सत्रानंतरच्या फोनचे काय करायचे, हा तर समुपदेशकांच्या रोजच्या डोकेदुखीचा विषय. ‘मॅडम, तिला सांगू नका मी फोन केला म्हणून, पण…’ या वाक्याने सुरू होणारा फोन. त्यात कधी खरोखर महत्त्वाची माहिती असते. तीन दिवस ती जेवलेली नाही, घरातून पैसे नाहीसे झाले आहेत. पण ती गुपचूप ऐकून घेतली तर समुपदेशक घरच्यांचा हेर होतो, आणि मुलीला हे कधी ना कधी कळतेच. त्यामुळे अनेकांनी सरळ नियम केला आहे. नातेवाइकांचे ऐकून घेतले जाईल, उत्तर दिले जाईलच असे नाही, आणि फोन आला होता हे पुढच्या सत्रात उपचार घेणाऱ्या व्यक्तीला सांगितले जाईल. नियम आधीच सांगितला असेल तर फोन कमी होतात. जे येतात ते खरे तातडीचे असतात.

नातेच आजारी असेल तेव्हा वेगळी व्यवस्था लागते. जोडप्याच्या किंवा कुटुंबाच्या उपचारांत एकट्या व्यक्तीऐवजी ते नाते समुपदेशकाच्या समोर असते, त्याने कोणाचीही बाजू घ्यायची नसते. वर्षभर पत्नीचे ऐकत आलेल्या समुपदेशकाने अचानक नवऱ्याला बोलावून ‘आता आपण तुमच्या दोघांवर काम करू’ म्हटले तर नवऱ्याला समोर न्यायाधीश आणि फिर्यादी एकत्र बसलेले दिसतात. अशा वेळी जोडप्यासाठी दुसरा समुपदेशक सुचवणे हाच रास्त मार्ग. लहान शहरांत तो दुसरा समुपदेशक ४० किलोमीटरवर असतो, ही अडचण आहेच.

माणूस निवडण्याचा हक्क कोणाचा?

‘जवळची व्यक्ती’ म्हणजे रक्ताचे नाते, असे गृहीत धरले जाते. कायद्याने येथे एक वाट ठेवली आहे. कलम १४ नुसार प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. ती व्यक्ती नातेवाईकच असली पाहिजे असे बंधन नाही. मैत्रीण, शेजारी, सहजीवनातील जोडीदार, कोणीही चालते. उपचारांचे निर्णय घेताना मदत करणे, निदानाची आणि उपचारांची माहिती मागणे, रुग्णालयातून घरी सोडताना नियोजनात भाग घेणे ही कामे तो करतो आणि ती करताना आजारी व्यक्तीची इच्छा, तिचे आयुष्य, तिची मूल्ये ध्यानात घेणे त्याच्यावर बंधनकारक आहे.

कोणालाच नेमले नसेल तर क्रम कायदा ठरवतो. आगाऊ निर्देशपत्रात कोणाचे नाव असेल तर ते, नसेल तर नातेवाईक, मग काळजी घेणारी व्यक्ती, मग मंडळाने नेमलेली व्यक्ती. दहा वर्षे सोबत राहणारा पण लग्न न केलेला जोडीदार या रांगेत दुरावलेल्या भावाच्या मागे जातो. नेमणुकीसाठी वकील किंवा मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर नाव लिहून खाली सही किंवा अंगठा पुरतो. ज्याला नेमले त्याने आपली संमती उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला लेखी द्यायची. मत बदलले तर तो कागद केव्हाही रद्द करता येतो.